दुसरी ट्रॉली कोणाच्या हिशेबी?

गाळप हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. अपघात घडला की विचारणा दोनच गोष्टींची होते: चालकाजवळ परवाना होता काय, आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर होते काय? दुसरी ट्रॉली कशापायी जोडावी लागली, हे कोणी विचारीत नाही.

परवान्याचा वाद न्यायालयांनी बव्हंशी निकालात काढला आहे. माल भरलेली ट्रॉली जोडली एवढ्यावरून ट्रॅक्टरचा परवाना निष्प्रभ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली नागशेट्टी प्रकरणात सांगितले. एकूण ७५०० किलो वजनापर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाच्या परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही, असा निर्वाळा घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. परवान्यातील तांत्रिक उणीव दाखवून भरपाई नाकारण्याची विमा कंपन्यांची वाट या निकालांनी अरुंद केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु भरपाई कोणी द्यावी हे ठरल्याने अपघात टळत नाही. परवान्याच्या चाचणीत दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढून दाखवाव्या लागत नाहीत. उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. ही विद्या तरुण चालक भर रस्त्यावर, जिवावर उदार होऊनच शिकतो.

मग तो हा धोका का पत्करतो? वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो. ट्रॅक्टरचे हप्ते, डिझेल आणि टोळीला दिलेली उचल यांचा मेळ एका ट्रॉलीत बसत नाही. कारखान्यापुढच्या रांगेत तासन् तास जात असल्याने खेपा वाढविणे हाती नसते. वाढविता येते ते खेपेचे वजन. तेव्हा दुसरी ट्रॉली ही चालकाची बेफिकिरी नव्हे. ती दरातच गृहीत धरलेली आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि जादा टनामागे आणखी २ हजार रुपये दंड आला. हे कलम वाहन चालविणाऱ्याला लागू आहे, तसेच ते चालवावयास लावणाऱ्यालाही. पण चालविणारा रस्त्यावर सापडतो. लावणारा कार्यालयात असतो. वास्तविक प्रत्येक खेपेचे वजन कारखान्याच्याच काट्यावर नोंदले जाते. ज्या पावतीवर मोबदला ठरतो, तीच नियमभंगाचाही पुरावा आहे. ती कोणी उघडून पाहत नाही, एवढेच.

दुसरी ट्रॉली बंद केल्यास वाहतूक महागेल आणि तो खर्च उसाच्या बिलातून कापला जाईल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. म्हणूनच सरसकट बंदीची घोषणा पुरेशी नाही. जोडट्रॉलीसाठी हंगामापूर्वी कारखान्याच्या खर्चाने प्रशिक्षण व चाचणी, ट्रॉल्यांना ब्रेकची सक्ती, रांगेतील वेळेचा मोबदला, आणि काट्यावर जादा भार आढळल्यास कारखान्यावरही कारवाई, या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. ऊस उत्पादक, तोडणी कामगार आणि वाहनचालक यांना एकमेकांसमोर उभे करणारा हिशेब कार्यकर्त्यांनी गावोगाव उलगडून दाखवावा. स्वस्त वाहतुकीची किंमत आज चालक आणि रस्त्यावरचा पादचारी मोजीत आहे. ती कारखान्याच्या ताळेबंदात नोंदली जाईपर्यंत परवान्याचे नियम कितीही बदलले, तरी अपघात थांबणार नाहीत.