फसलेल्या उड्डाणांसकट

प्रायोगिक विमानांच्या जुन्या चित्रफिती हा या अंकाचा विषय. कॅलिफोर्नियातल्या आर्मस्ट्राँग उड्डाण संशोधन केंद्राच्या संग्रहातल्या शेकडो फिती नासाने इंटरनेटवर मोफत खुल्या केल्या आहेत. तांत्रिक शिक्षण महाग होत असताना असा ठेवा घरबसल्या मिळणं आम्हाला फार मोलाचं वाटतं.

१९६३ सालचं 'एम२-एफ१' हे विमान पाहा. प्लायवूडचं कवच, पंख नाहीतच. कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रावर एक पॉन्टियाक मोटार त्याला दोराने ओढत भरधाव निघायची. सुरुवातीच्या चाचण्यांत नाक वर उचललं, की ते एका चाकावरून दुसऱ्या चाकावर उसळ्या घ्यायचं. मग सुकाणूची रचना बदलली आणि ते उडू लागलं. पंखांविना, इंजिनाविना उतरण्याचा हा अनुभव पुढे स्पेस शटलच्या कामी आला.

१ डिसेंबर १९८४ रोजी एक बोइंग ७२० मुद्दाम जमिनीवर आदळवलं गेलं. अपघातात आग भडकू नये म्हणून इंधनात खास द्रव्य मिसळलं होतं. तरीही आगीचा प्रचंड लोळ उठला. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतं. फितीत मात्र फसलेला प्रयोग क्षणाक्षणाने दिसतो, आणि आमच्या लेखकांनी याच फसलेल्या प्रयोगांवर भर दिला आहे.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनीही आपली जुनी चित्रणं अशीच खुली करावीत, असं आमचं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणाच्या घरी किंवा महाविद्यालयात अशी रिळं पडून असतील, तर आम्हाला जरूर कळवा.