घर भाड्यानें देण्यापूर्वीं

निवृत्तीच्या पुंजींतून दोन खोल्या बांधून त्या भाड्यानें द्याव्या, असें पुष्कळ गृहस्थांच्या मनांत येतें. बेत चांगला, पण आधीं आमचा अनुभव ऐकावा.

येथील मंगळवार पेठेंतील आमच्या खोल्या आम्हीं एका स्नेह्यास केवळ शब्दावर दिल्या. पुढें भाड्यावरून वाद निघाला, तेव्हां आमच्या हातीं कागदाचा कपटाही नव्हता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला असणें ही घरमालकाचीच जबाबदारी होय. तसा तो नसेल, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरल्या जातात. शंभर बोलावें पण एक लिहूं नये, हें वचन आम्हीं वर्गांत कौतुकानें शिकविलें. घरमालकानें नेमकें उलट वागावें!

जागा घेतांना पंचगंगेचा पूर विसरूं नये. २०१९ व २०२१ सालीं जेथें पाणी चढलें, तेथील तळमजला स्वस्तांत मिळूनही महाग पडतो. उत्पन्न मोजतांना बारा महिन्यांचें भाडें धरूं नये. एखाद-दोन महिने खोली रिकामी राहते, शिवाय घरफाळा व डागडुजी आहेच. भाडें मिळतांच पावती द्यावी. कायद्यानेंही ती आवश्यक आहे.

आमच्या खोल्या अखेर परत मिळाल्या. स्नेह मात्र परत मिळाला नाहीं. कागद अविश्वासाचा नव्हे, तो स्नेहाच्या रक्षणाचा असतो, हें आम्हांस उशिरां उमगलें.