साठ टक्क्यांचे काय?

२०१७ साली गुरुपौर्णिमेला, ९ जुलै रोजी, केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. मुहूर्त काढणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. पुढे मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा मांडला : विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला ६० टक्के वर्गात. वाद होतो तो चाळिसावर. आम्हाला काळजी साठाची वाटते.

महाराष्ट्राला हे मिश्रण नवे नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे घरी वाचून समजतील अशी पुस्तके तयार झाली, तरीही अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रे ठेवली गेली. पुस्तक कितीही सोपे असो, अडलेले विचारायला समोर माणूस लागतोच, हे त्या रचनेने ओळखले होते.

जुन्या तासाबद्दल हळवे होण्याचेही कारण नाही. शिक्षकाने नोट्स सांगायच्या, मुलांनी हजेरीपुरते बसून त्या उतरवायच्या, असा तास मोबाइलवर पाहिलेला बरा. निदान मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. संख्याशास्त्रातले सूत्र घरी समजून घ्यावे आणि वर्गात उदाहरण सोडवताना कोण कुठल्या पायरीवर अडखळतो ते शिक्षकाने पाहावे, यातच मिश्र पद्धतीचा जीव आहे. त्यासाठी शिक्षकाला विद्यार्थी ओळखीचे हवेत आणि पुढच्या सत्रातही तो त्याच महाविद्यालयात असायला हवा.

घोडे पेंड खाते ते इथे. राज्यात कितीतरी प्राध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. वर्गात घेतलेला तास तेवढा मानधनात धरायचा, तर चित्रफीत तयार करणे, चाचण्या तपासणे, रात्री आलेल्या शंकांना उत्तरे देणे हे कोणत्या रकान्यात बसवायचे? चाळीस टक्के पडद्यावर ढकलून तेवढे तास कापावेत आणि रिक्त पद तसेच ठेवावे, ही पळवाट संस्थाचालकांना सुचणारच नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून विद्यापीठांनी मिश्र अभ्यासक्रमाला मान्यता देताना ऑनलाइन कामही कार्यभारात मोजावे, त्याचे मानधन द्यायला लावावे आणि वर्गातल्या तासाला एका शिक्षकासमोर किती मुले बसतील ते आधी लिहून घ्यावे.