विश्लेषण : खेळणी स्वस्त झाली, पण सुरक्षित आहेत का? दुकानात काय तपासावे?

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यातील तुळशीबाग आणि बोहरी आळी… सुट्टी लागली की शहराच्या मध्यवस्तीतील या बाजारांत मुलांचा हात धरून फिरणारे पालक हमखास दिसतात. आता त्यांच्या जोडीला छोट्या मोटारींची मॉडेल, जोडणीचे संच आणि संग्राह्य बाहुल्या शोधणारे तरुण ग्राहकही दिसू लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश खेळण्यांवरील जीएसटी कमी झाला. मात्र त्याच बाजारात शिक्का असलेला आणि नसलेला माल शेजारीशेजारी मांडलेला असतो. त्यामुळे किंमत विचारण्याबरोबरच आणखी काही प्रश्न विचारणे गरजेचे झाले आहे. ते कोणते, याविषयी…

करकपातीने नेमके काय बदलले?

तीनचाकी सायकली, पायडलच्या गाड्या, बाहुल्या, कोडी, लहान आकाराची मॉडेल आणि इतर साधी खेळणी यांवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता. तो ५ टक्के झाला. पत्ते, कॅरम आणि बुद्धिबळाचा पट यांनाही हाच लाभ मिळाला. इलेक्ट्रॉनिक खेळणी मात्र १८ टक्क्यांच्या टप्प्यातच राहिली. म्हणजे एकाच दुकानात लाकडी आगगाडीवर ५ टक्के आणि दिवे, आवाज असलेल्या इलेक्ट्रॉनिक आगगाडीवर १८ टक्के कर लागू शकतो.

प्रत्यक्षात फरक किती पडतो? कर वगळून ५०० रुपये किंमत असलेले साधे खेळणे पूर्वी ५६० रुपयांना पडत असे, ते आता ५२५ रुपयांना मिळायला हवे. जुन्या खोक्यावर जुनी कमाल किरकोळ किंमत छापलेली असेल, तर नव्या दराने किती पैसे होतात हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. ही सवलत पक्क्या बिलातच दिसते. बिलच न देणाऱ्या दुकानात कर कमी झाला की वाढला, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही.

आयात खेळणी इतकी महाग का?

जीएसटी कमी झाला तरी परदेशी खेळण्यांच्या किमती फारशा उतरलेल्या नाहीत. याचे कारण सीमाशुल्क. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के करण्यात आले. इतर खर्च बाजूला ठेवले, तरी बंदरात १००० रुपये मूल्य असलेल्या वस्तूवर ७०० रुपये सीमाशुल्क लागते. त्यानंतर १७०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ८५ रुपये. आयातदाराचा नफा, वाहतूक आणि दुकानाचे भाडे जमेस धरण्याआधीच ती वस्तू १७८५ रुपयांची होते.

देशी उत्पादनाला संरक्षण आणि निकृष्ट मालाला आळा, असा दुहेरी हेतू सरकारने यामागे सांगितला. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली, तर निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. मात्र शुल्क जितके जास्त, तितका चोरट्या मार्गाने माल आणण्यातील फायदाही मोठा. हा माल कुठल्याही तपासणीतून गेलेला नसतो. म्हणूनच शुल्काबरोबर गुणवत्तेचा नियम महत्त्वाचा ठरतो.

गुणवत्ता नियंत्रण आदेश काय सांगतो?

भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले. त्यांतील सुमारे ६७ टक्के सुरक्षा चाचण्यांत अपयशी ठरले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे यासाठी बनवलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का त्यानुसार सक्तीचा झाला. खेळणे देशात बनलेले असो वा परदेशात, नियम एकच. परदेशी कारखान्यालाही ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी कारखान्याची तपासणी होते.

शिक्क्यामागे अनेक चाचण्या असतात. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. धारदार कडा, टोके, सुटे होणारे भाग, पटकन पेट घेणारे कापड, रंगातून सुटणारे शिसे आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने यांची तपासणी होते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातील सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळीत पूर्ण मावला, तर तो घशात अडकण्याचा धोका मानला जातो. रंगातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. लहान मूल प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे महत्त्व कळते. शिशाचा परिणाम मुलाच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो नंतर भरून निघत नाही.

शिक्का खरा की छापील, हे कसे ओळखावे?

नुसते आयएसआय चिन्ह पुरेसे नाही. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये हा क्रमांक टाकला, की परवाना कोणाच्या नावावर आहे, तो कोणत्या उत्पादनासाठी आहे आणि चालू आहे की नाही, हे दिसते. दुकानात उभ्या उभ्या एक-दोन मिनिटांत हे काम होते. अॅपमधील नाव आणि खोक्यावरील उत्पादकाचे नाव जुळले नाही, तर ते खेळणे न घेणेच बरे.

खोक्यावर आणखी काही गोष्टी असणे वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, आयात माल असल्यास मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. यांपैकी काहीच नसलेले, केवळ पारदर्शक पिशवीत भरलेले खेळणे कुठून आले हे खुद्द दुकानदारालाही सांगता येत नाही.

एक तपासणी मात्र पालकांनीच करायची असते. बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद आहे का, हे पाहावे. चपटी, नाण्यासारखी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सुटे, छोटे पण शक्तिशाली लोहचुंबकही तितकेच घातक. एकाहून अधिक गिळले गेल्यास ते आतड्यांच्या भिंती चिमटीत पकडतात. असे काही घडल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

मॉडेल, जोडणी संच आणि संग्राह्य बाहुल्यांना हाच नियम लागू आहे का?

छंदाच्या दुकानांत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. तयार झाल्यावर मुख्यतः खेळण्यासाठी नसलेले मॉडेल संच व छंदाचे साहित्य, तसेच १४ वर्षांखालील मुलांसाठी नसलेल्या संग्राह्य वस्तू यांना खेळण्यांच्या सुरक्षा मानकाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. प्रौढ संग्राहक काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी युद्धनौकेचे मॉडेल विकत घेतो, त्याला बाळाच्या खुळखुळ्याचे निकष लावण्यात अर्थ नाही, हा त्यामागील विचार. करासाठी मात्र लहान आकाराची मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षात मोडतात. म्हणून सुरक्षेच्या नियमातून बाहेर असलेल्या परदेशी मॉडेललाही ७० टक्के शुल्काची झळ बसते.

या सवलतीची एक पळवाटही आहे. खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ असे छापले आणि आत कार्टूनमधील गुबगुबीत बाहुली ठेवली, तर ती नेमकी कोणासाठी? वस्तूचे स्वरूप आणि ती कोणाला विकली जाते, यावरून हे ठरायला हवे. ग्राहकाने एवढेच ध्यानात ठेवावे, की असा मजकूर म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. ही वस्तू लहान मुलांसाठी तपासलेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो. मोठ्या भावाच्या कपाटातील मॉडेल धाकट्या बहिणीच्या हाती देताना हा फरक आठवावा.

‘ब्लाइंड बॉक्स’चे वेड आणि नकली माल

हाँगकाँगमध्ये जन्मलेले चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ मध्ये लबूबू हे पात्र निर्माण केले. २०१९ पासून चीनच्या पॉप मार्ट कंपनीने ते बाजारात आणले आणि २०२५ मध्ये त्याचे वेड जगभर पोहोचले. त्या वर्षी जूनमध्ये बीजिंगमधील लिलावात सुमारे १३१ सेंटिमीटर उंचीची लबूबू १० लाख ८० हजार युआनला विकली गेली. या बाहुल्या बहुधा ‘ब्लाइंड बॉक्स’मध्ये मिळतात. आत कोणती बाहुली आहे, हे खोका उघडल्यावरच कळते. हवी ती मिळेपर्यंत खोके घेत राहण्याचा मोह, हेच या व्यापाराचे इंगित आहे. चीनने २०२३ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक नियम काढून आठ वर्षांखालील मुलांना असे खोके विकण्यास मनाई केली.

मागणी वाढली की नकला येतातच. लबूबूच्या नकलांना बाजारात ‘लफूफू’ असे नाव पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने या नकली बाहुल्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, असा इशारा दिला. आपल्याकडे पदपथावर आणि दुकानांच्या दारात टांगलेल्या स्वस्त बाहुल्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. संग्राहकासाठी नकल म्हणजे पैशाचे नुकसान. लहान मुलासाठी तो जिवाचा प्रश्न होऊ शकतो.

दुकानदार आणि कारागिरांची बाजू काय?

बिनशिक्क्याचे खेळणे विकणेच नव्हे, तर विक्रीसाठी साठवणे किंवा मांडणे हाही २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. हा प्रश्न केवळ गल्लीतील गाळ्यांपुरता नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने महिनाभरात १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांत मॉल आणि विमानतळांवरील नामांकित दुकानांचाही समावेश होता.

तरीही छोट्या दुकानदाराची कोंडी खरी आहे. प्रमाणित माल महाग, समोर ऑनलाइन विक्रेत्यांची सवलत आणि शेजारच्या पदपथावर निम्म्या किमतीत बिनशिक्क्याचा माल. छोट्या उत्पादकाची अडचण वेगळी. परवान्यासाठी चाचण्यांचा खर्च येतो आणि कारखान्यात प्रयोगशाळा लागते. सूक्ष्म उद्योगांना या अटीतून काही काळ सूट देण्यात आली. मोठ्या कंपनीचा हा खर्च लाखो नगांवर विभागला जातो. दहा-वीस प्रकारची खेळणी थोडी थोडी बनवणाऱ्याला तो प्रत्येक नगावर जाणवतो.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या उत्पादनांच्या नोंदणीकृत उत्पादकांना डिसेंबर २०२० च्या दुरुस्तीने शिक्क्याच्या सक्तीतून वगळले. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भातुकली घेताना म्हणूनच आयएसआय चिन्ह न दिसल्यास लगेच संशय घेऊ नये. कारागिराची नोंदणी आहे का आणि रंग कोणता वापरला, हे विचारावे. नोंदणीच नसलेल्या कारागिराला मात्र ही सूट मिळत नाही. ती नोंदणी गावोगावी पोहोचली नाही, तर मुलांच्या रक्षणासाठी आलेला नियम आपल्याच परंपरेला बाजाराबाहेर ढकलेल.

बिल घेतल्याने काय फरक पडतो?

बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत परत न घेणे, हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष खेळण्याच्या बाबतीत दुकानदाराला वाचवू शकत नाही. खेळण्यामुळे इजा झाल्यास उत्पादक आणि काही परिस्थितीत विक्रेताही भरपाईला जबाबदार ठरतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे, तर खोट्या शिक्क्याची तक्रार ‘बीआयएस केअर’ अॅपवर करता येते. पण वस्तू कोणत्या दुकानातून, कधी घेतली याचा पुरावा नसेल, तर हे सारे हक्क कागदावरच राहतात.

सात टक्के करकपातीने ५०० रुपयांच्या खेळण्यामागे ३५ रुपये वाचतात. बिनशिक्क्याचा माल घेतल्यास शंभर-दोनशेही वाचतील. मात्र निखळलेला डोळा किंवा कच्चा रंग कोणाच्या तोंडात जाणार आहे, याचा विचार करूनच तो हिशेब मांडायला हवा. पुढच्या वेळी बाजारात मूल खेळण्याकडे बोट दाखवील, तेव्हा भाव करण्याआधी खोका उलटून पाहावा.