घरबसल्या ग्रंथपालाची पदवी : कोणी घ्यावी, कशी घ्यावी



मुलगी बी. ए. झाली, मुलगा बी. कॉम. झाला, आता पुढे काय, हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून दरवर्षी निकालानंतर उभा राहतो. एम. ए. करून काय मिळणार म्हणून मुले थांबतात आणि बी. एड. ची फी ऐकून आईबाप थांबतात. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की तिचे शिक्षण तर तिथेच थांबते. अशांसाठी एक वाट आहे, पण तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे ग्रंथालयशास्त्राची. नोकरी, घर, लेकरे सांभाळून मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन पद्धतीने ही पदवी घेता येते. मात्र पैसे भरण्याआधी तिची खरी माहिती घरातल्या सर्वांना हवी.

पहिली गोष्ट अशी की, ही पदवी दोन पायऱ्यांची आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रथम बी. लिब. करतो. हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्यानंतर आणखी एक वर्षाचे एम. लिब. करावे लागते, आणि हीच पदव्युत्तर पदवी. काही विद्यापीठांत दोन्ही मिळून सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. म्हणजे बी. ए. ला कोणता विषय होता याची अडचण येत नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेतलेल्यांनाही हे दार उघडे आहे.

पुस्तके देणे-घेणे यात शिकायचे काय, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतही एकेकाळी असेच वाटत होते. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी होते आणि त्यांत सतरा स्त्रिया होत्या. स्त्रियांना प्रवेश दिल्याचे संचालक मंडळाला पसंत नव्हते, म्हणून तो वर्ग सामानाच्या खोलीत भरवावा लागला! पुढे १९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते हेच. त्यांना तिथे पाठविणारे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात गावोगाव वाचनालये सुरू केली होती आणि १९११ साली ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्गही काढला होता. पुढे मद्रासच्या डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी या विद्येला भारतात शास्त्राचे रूप दिले. त्यांचे पाच नियम १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा मथितार्थ असा की, पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नसते, प्रत्येक माणसाला त्याला हवे ते पुस्तक मिळाले पाहिजे, आणि तेही वेळ न दवडता. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

आता अभ्यासात काय असते ते पाहू. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, ग्रंथालयाचा कारभार आणि संगणक हे मुख्य विषय. वर्गीकरण म्हणजे पुस्तकाला त्याच्या विषयाप्रमाणे क्रमांक देणे. ड्यूई यांची १८७६ ची दशमान पद्धत यासाठी आजही शिकवितात. तिच्यात धर्माला २०० हा क्रमांक आहे. पण त्यातला मोठा भाग एकट्या ख्रिस्ती धर्माने व्यापला आहे आणि जगातले बाकीचे बहुतेक धर्म २९० च्या घरात दाटीवाटीने बसविले आहेत. बौद्ध धर्म २९४.३ मध्ये येतो. जातिव्यवस्थेवरचे पुस्तक समाजशास्त्रात ३०५.५१२२ या क्रमांकावर जाते. ज्ञानाची मांडणी करणारा माणूसही आपल्या समाजाचे डोळे घेऊनच मांडणी करतो, हे यावरून दिसते. याच ड्यूई यांच्या क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना मज्जाव होता. त्यांचे हे वर्तन आणि स्त्रियांशी केलेले गैरवर्तन लक्षात घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकाला असलेले त्यांचे नाव काढून टाकले. पद्धत शिकावी, पण डोळे उघडे ठेवून शिकावी. एखादे दलित आत्मकथन कोणत्या कपाटात ठेवायचे, हे ग्रंथपाल ठरवतो. त्याने ते चुकीच्या जागी लावले, तर ते असून नसल्यासारखेच. म्हणून त्या खुर्चीवर आपली मुले-मुली बसणे महत्त्वाचे आहे.

संगणकाचीही भीती बाळगू नये. बहुतेक ग्रंथालये आता संगणकावर चालतात. त्यासाठी ‘कोहा’ नावाची प्रणाली मोफत मिळते. ती न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली प्रथम वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्या देशातील महाविद्यालयांत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ ही प्रणालीही चालते. या दोन्हींवर हात बसलेला उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

प्रवेश कोठे घ्यावा? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तिथे हे शिक्षण मराठीतून घेता येते. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे. तिथे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अशा दोन्ही पद्धतींनी बी. लिब. आणि एम. लिब. चे अभ्यासक्रम आहेत. जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, तर परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. घरी सोडवून द्यायच्या स्वाध्यायांना गुण असतात, म्हणून ते वेळेवर द्यावेत. स्वाध्याय राहिले की परीक्षा देऊनही निकाल अडकतो. या विद्यापीठाची अभ्यासपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ वर कोणालाही फुकट वाचता येतात. फी भरण्यापूर्वी त्यातली दोन-चार प्रकरणे मोबाइलवर वाचून पाहावीत. विषय आवडतो की नाही, ते तिथेच कळेल.

आता सावधगिरीची गोष्ट. हजेरी नको, अभ्यास नको, सहा महिन्यांत एम. लिब. चे प्रमाणपत्र हातात, अशा जाहिराती चौकाचौकांत दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला, आपण प्रवेश घेतो त्या वर्षासाठी मान्यता आहे का, ते आधी आयोगाच्या यादीत पाहावे. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. फी दलालाच्या हातात न देता थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावी आणि पावती जपून ठेवावी. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘घरबसल्या घेतलेली पदवी’ म्हणून कोणी नाक मुरडले, तर हे त्यांना सांगावे.

नोकरीविषयी खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. पदवी मिळाली की नोकरी चालून येते, असे नाही. महाविद्यालयाचा ग्रंथपाल व्हायचे असेल, तर एम. लिब. ला ५५ टक्के गुण आणि नेट परीक्षा लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना गुणांत ५ टक्के सवलत आहे. नेटमध्ये या विषयाचा क्रमांक ५९. कायम जागा थोड्या निघतात आणि कंत्राटी कामे जास्त असतात. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली गावोगाव सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदानही वर्गाप्रमाणे मिळते. लहान ग्रंथालयात पगार अगदीच तुटपुंजा असतो. त्याशिवाय शाळा, रुग्णालये, न्यायालये, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, संशोधन संस्था येथेही ग्रंथपाल लागतात. म्हणून बी. लिब. होताच एखाद्या ग्रंथालयात अनुभव घ्यावा, एम. लिब. करीत असतानाच नेटचा अभ्यास सुरू करावा आणि जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आधीच तयार ठेवावे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. तेव्हा केंद्राच्या परीक्षांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवावा. ऐनवेळी तहसील कचेरीत धावपळ नको.

अभ्यास घरात बसूनच करायचा असल्याने घरच्यांची साथ लागते. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू, एकच मोबाइल आणि तोही धाकट्याच्या हातात, अशा वेळी सूनबाईने अभ्यास कधी करायचा? रोज रात्री जेवणे आटोपली की एक तास मोबाइल तिचा, आणि त्या तासात भांडी दुसऱ्या कोणीतरी घासायची, असा नियम सासूबाईंनीच घालून द्यावा. परीक्षेच्या महिन्यात नवऱ्याने पाळी बदलून घेता आली तर घ्यावी. वर्गीकरणाचा सराव मात्र नुसता पडद्यावर होत नाही. ड्यूईचे जाड खंड विकत घेणे परवडणारे नाही, म्हणून रविवारी जवळच्या कॉलेजच्या किंवा जिल्हा ग्रंथालयात परवानगी घेऊन बसावे. दर खेपेला वीस पुस्तकांना स्वतः क्रमांक देऊन पाहावेत आणि मग तिथल्या ग्रंथपालांकडून तपासून घ्यावेत.

सरावाची आणखी एक जागा आपल्या हाताशीच आहे. विहारातल्या किंवा समाजमंदिरातल्या कपाटात कोणीतरी दिलेली शे-दोनशे पुस्तके धूळ खात पडलेली असतात. शिकणाऱ्या मुलीने त्यांची नोंदवही करावी, क्रमांक लावावेत आणि संध्याकाळी दोन तास ती वाचायला द्यावीत. तिचा अभ्यास होईल, वस्तीला वाचनालय मिळेल आणि उद्या अर्जात लिहायला अनुभवही होईल. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांनी निदान एक कपाट तरी नीट लावावे. जुलैच्या प्रवेशाला उशीर झाला, तर जानेवारी आहेच. तोवर कागदपत्रे जमवा, दोन प्रकरणे वाचा आणि घरात बसून सर्वांनी मिळून निर्णय घ्या.