हात सैल सोडा

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी गेली अनेक वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. पहाटेचे फिरणे त्यांनी सहसा कधी चुकवले नाही. मागील खेपेस मात्र त्यांची साखर बरीच वाढलेली आढळली. आहार तोच, गोळ्याही नियमित. तपासताना मानेवर पुसट वळ दिसला, म्हणून विचारले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तीन आठवड्यांपूर्वी दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांचे मंगळसूत्र ओढले होते. त्यांनी ते घट्ट धरून ठेवले. निम्मे हातात राहिले, निम्मे गेले. मुलगा रागावेल या भीतीने घरी ‘तुटले’ एवढेच सांगितले. त्या दिवसापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या.

आजींचे दैव बलवत्तर, म्हणून वळावर निभावले. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात आणि तोलही चटकन सावरत नाही. धावत्या दुचाकीच्या झटक्याने माणूस पडला, तर खुब्याचे किंवा मनगटाचे हाड मोडू शकते. खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा: कोणी दागिना किंवा पिशवी ओढलीच, तर हात सैल सोडा. सोने पुन्हा घडवता येते.

अर्थात तशी वेळ न येणे उत्तम. चोर सावज निवडतो ते एकटे, बेसावध आणि दागिना उघडा असलेले. म्हणून पुरेसे उजाडल्यावर, शक्यतो सोबतीने फिरायला निघा. पदपथ नसेल, तर समोरून वाहने येतात त्या बाजूने चाला. दुचाकी पाठीमागून अंगाजवळ येणार नाही. पिशवी रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर असावी. गळा पदराने वा ओढणीने झाकावा. श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच निघावे. कोणी गाडी थांबवून पत्ता विचारला, तर दोन हात दूर उभे राहून उत्तर द्या. संशय आला की जवळच्या दुकानाकडे वळा आणि मोठ्याने हाक मारा. संकोच करू नका.

‘आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. खरे पोलीस रस्त्यात दागिने काढून हाती द्यायला सांगत नाहीत. ‘पोलीस ठाण्यात येऊन बोलते’ असे म्हणून गर्दीच्या दिशेने चालू लागा.

प्रसंग घडलाच, तर प्रथम सुरक्षित जागी बसा आणि ११२ वर फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. कवटीच्या आतील रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही लक्षणे दाखवतो. तक्रार अवश्य नोंदवा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असे हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे.

आता घरातल्या मंडळींना एक विनंती. ‘दागिने घालून कशाला गेलात?’ हा प्रश्न विचारू नका. तो एकदा ऐकला, की पुढच्या वेळी वृद्ध माणूस पडलेलेसुद्धा लपवतो. आधी ‘कुठे लागले का?’ असे विचारा. पुढचे काही दिवस त्यांच्याबरोबर चाला. झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल, दार वाजताच छातीत धडधडत असेल आणि हे दोन-तीन आठवड्यांत ओसरले नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आजींच्या अनुमतीने मी त्यांच्या मुलाला बोलावून सारे सांगितले. तो रागावला नाही; आईचा हात धरून बराच वेळ गप्प बसला. आता आजी उजाडल्यावर शेजारणीसह फिरायला जातात. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत असते. साखरही हळूहळू उतरते आहे.