सुईची भीती आणि संमोहन : माझं मत



विषय जरा वेगळा आहे, पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो गुपचूप नांदतो आहे. इंजेक्शनची, रक्त काढून घेण्याची, एकूणच सुईची भीती. सहसा कुणी बोलत नाही, कारण "एवढा घोडा झालास आणि टोचून घ्यायला घाबरतोस?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही भीती खरी असते, तिच्यापायी माणसं तपासण्या टाळतात, आणि संमोहनोपचार म्हणजे हिप्नोथेरपी हा तिच्यावर करून बघण्यासारखा उपाय आहे. मात्र जादू म्हणून नव्हे, आणि कुणाकडेही जाऊन नव्हे.

ही भीती दुर्मिळ आहे असं समजू नका. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १५ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांच्यापैकी साधारण चौथा हिस्सा लोकांत इंजेक्शनची लक्षणीय भीती आढळली. कोविडची लस घ्यायला जे कचरत होते, त्यांच्या कचरण्यातला साधारण दहावा हिस्सा या भीतीच्या खात्यात जातो असाही त्यांचा अंदाज होता. म्हणजे एखाद्या गेट-टुगेदरला चाळीस माणसं जमली, तर त्यात आठ-दहा जण तरी असतील. फक्त ते सांगणार नाहीत. "वेळ मिळत नाही हो", "जीपीची अपॉइंटमेंटच मिळत नाही" असं काहीतरी सांगतील.

आता आपल्या लोकांना याची झळ जास्त का बसते ते बघा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना टाइप २ मधुमेहाचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा दोन ते चार पट जास्त मानला जातो, आणि तो आपल्याला कमी वयात गाठतो. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून ठराविक आजार नसलेल्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेकचं बोलावणं येतं. त्यात रक्ताची तपासणी असते. एचबीए१सी ही एवढीशी चाचणी, उपाशीपोटी जायचीही गरज नाही. पण ज्याला सुईची भीती आहे त्याच्यासाठी ते पत्र म्हणजे वॉरंटच. पत्र टेबलावरून ड्रॉवरमध्ये जातं आणि मधुमेह मुकाट्याने आपलं काम करत राहतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता, आणि तो कळला तेव्हा डोळ्यांवर परिणाम झालेला होता. त्यामुळे हा माझ्यासाठी गमतीचा विषय नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. सुईची भीती एका प्रकारची नसते. काही जणांना नुसती धडधड होते, घाम फुटतो, पळून जावंसं वाटतं. मी या प्रकारातला. दुसऱ्या प्रकारात नाडी आणि रक्तदाब आधी वाढतात आणि मग एकदम खाली येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि माणूस धाडकन पडतो. माझी धाकटी बहीण या प्रकारातली. ती आखातात असते. तिथे रेसिडेन्सी व्हिसासाठी रक्त द्यावंच लागतं, "नको" म्हणायची सोयच नाही. एका क्लिनिकमध्ये ती खुर्चीतून घसरून पडली, तर तिथल्या बाईंनी तिला पाणी देण्याऐवजी "नाटकं करू नका" म्हणून सुनावलं. नाटक करून कुणाचा रक्तदाब पडत नाही, एवढं तरी क्लिनिकमध्ये काम करणाऱ्यांना माहीत असावं.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. संमोहनात बहुतेक वेळा "शरीर सैल सोडा, शांत व्हा" असं सांगतात. धडधडीवर ते उत्तमच. पण ज्याचा रक्तदाब आधीच पडणार आहे, त्याला ऐन वेळी आणखी सैल व्हायला सांगणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीचा ब्रेक काढण्यासारखं. अशा लोकांसाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात नेमकी उलटी पद्धत बसवली. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचे, वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळायचे, असं पाच वेळा. रक्तदाब वर राहतो आणि चक्कर टळते. टोचून घ्यायचा हात तेवढा सैल ठेवायचा. बहिणीने एका मानसशास्त्रज्ञाकडून हे शिकून घेतलं आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ती आपल्या पायांनी बाहेर आली. तेव्हा संमोहनवाल्याने तुम्हाला पहिल्याच भेटीत "तुम्हाला चक्कर येते का?" हे विचारलं नाही, तर तिथून उठलेलं बरं.

आता संमोहनाबद्दल. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की लोकांना गणपतीतले स्टेजवरचे प्रयोग आठवतात. माणूस कच्चा कांदा सफरचंद समजून कचाकचा खातो वगैरे. नाहीतर थेट वशीकरण! प्रत्यक्षात संमोहन म्हणजे झोप नाही आणि बेशुद्धीही नाही. लक्ष एका गोष्टीवर घट्ट एकवटलेलं असतं आणि त्या अवस्थेत सूचना जास्त पटकन रुजतात, इतकंच. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या "प्राणिज चुंबकत्वा"ची चौकशी करायला समिती नेमली होती. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. चुंबकत्व वगैरे काही नाही, परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा त्यांनी निकाल दिला. तेव्हा ती मेस्मरची फजिती झाली. मला मात्र त्यातली मेख वेगळी वाटते. सुईची भीतीसुद्धा निम्मीअधिक कल्पनाशक्तीचीच करामत असते. मग तिच्यावर औषधही तिथलंच का असू नये?

आणि याचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात घडलेला आहे. जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४५ मध्ये बंगालमध्ये हुगळीला मेस्मेरिझमच्या साहाय्याने भारतीय रुग्णांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. १८४६ मध्ये सरकारने त्याला कलकत्त्यात त्यासाठी हॉस्पिटलही दिलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ईथर आलं, पुढच्या वर्षी एडिंबरोमध्ये क्लोरोफॉर्म, आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. ते बरोबरच झालं, कारण ईथर सगळ्यांवर चालतं आणि संमोहन सगळ्यांवर सारखं चालत नाही. काही माणसं पटकन संमोहित होतात, काही जवळजवळ होतच नाहीत. हे मोजायच्या प्रमाणित चाचण्या स्टॅनफर्डमध्ये १९५९ पासून आहेत.

माझा अनुभव थोडक्यात. चार सत्रं झाली. डोळे मिटून श्वास, मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरणं, मग एक आवडती जागा. मी हर्णैचा किनारा घेतला, सकाळचा, मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आधीचा. मग उजवा हात बर्फाच्या पाण्यात बुडवला आहे आणि बधिर होतो आहे अशी सूचना. पण नुसतं एवढंच नव्हतं. दर आठवड्याला गृहपाठ होता : आधी सिरिंजचा फोटो बघायचा, मग खरी सिरिंज (सुईविना) हातात धरायची, मग कुणाचं तरी रक्त काढतानाचा व्हिडिओ. रोज रात्री वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकायचं. मला सगळं ऐकू येत होतं, बाहेरून गेलेल्या बसचा आवाजसुद्धा. पाचव्या आठवड्यात रक्त दिलं. भीती गेली का? नाही. दहापैकी नऊ होती ती चारवर आली. चारवर माणूस खुर्चीत बसू शकतो. मला तेवढंच हवं होतं.

आता कुणी म्हणेल, "अहो, मग हे संमोहनाने झालं की त्या गृहपाठाने?" प्रश्न रास्त आहे. भीतीच्या गोष्टीला हळूहळू सामोरं जाणं हाच फोबियावरचा सगळ्यांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे, आणि मला वाटतं मोठा वाटा त्याचाच असावा. पण त्या गृहपाठाला बसण्याइतका मी शांत झालो तो संमोहनामुळे. पुराव्याचं म्हणाल तर मुलांच्या बाबतीत तो जास्त आहे. २०१८ च्या कॉक्रेन परीक्षणात सुई टोचताना होणाऱ्या वेदना आणि घालमेल कमी करणाऱ्या मानसिक उपायांत लक्ष दुसरीकडे वेधणं, श्वासाचे प्रकार यांच्याबरोबर संमोहनाचंही नाव आहे. मात्र पुराव्याचा दर्जा कमी आहे असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा "शास्त्राने सिद्ध झालंय" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध, आणि "सगळं थोतांड आहे" म्हणणाऱ्यापासूनही.

खरी अडचण पुढे आहे. ब्रिटनमध्ये "हिप्नोथेरपिस्ट" ही पाटी लावायला कायद्याने कुठलीही पात्रता लागत नाही. उद्या मी लावली तरी चालेल :-) "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" ही पदवी मात्र कायद्याने संरक्षित आहे. मी चौकशी करत होतो तेव्हा एकाने फोनवरच "शंभर टक्के गॅरंटी, दहा सत्रांचे पैसे आगाऊ" असं सांगितलं आणि वर "भीतीचं मूळ तुमच्या मागच्या जन्मात असू शकतं" हेही. मी नमस्कार करून फोन ठेवला. म्हणून माझ्या मते एवढं बघावं :

१. शक्यतो ज्याचा मूळ पेशा डॉक्टर, डेंटिस्ट किंवा सायकॉलॉजिस्टचा आहे आणि जो संमोहन जोडीला वापरतो, अशाकडे जा.
२. गॅरंटी देणारा नको. तीन-चार सत्रांत काहीच फरक नसेल तर थांबा.
३. "लहानपणच्या दडलेल्या आठवणी उकरून काढू" म्हणणारा तर मुळीच नको. संमोहनात आठवलेलं खरंच घडलेलं असतं असं नाही, उलट खोट्या आठवणी तयार होऊ शकतात.
४. सायकोसिससारखा आजार असेल तर संमोहनाच्या वाटेला जाऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.
५. इंग्लंडमध्ये असाल तर आधी एनएचएस टॉकिंग थेरपीज बघा. फोबियासाठी फुकट आहे, जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं.
६. एम्लासारखं बधिर करणारं क्रीम केमिस्टकडे मिळतं. तासभर आधी लावायचं. इतका साधा उपाय, पण कुणी सांगत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला. आपली पिढी वाढली ती उकळलेल्या काचेच्या सिरिंजा आणि जाडजूड सुया बघत. त्यात भर म्हणून "दंगा केलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील हं!" ही धमकी. एकीकडे इंजेक्शन दिल्याशिवाय डॉक्टरचं औषध लागू पडत नाही असं म्हणायचं, आणि दुसरीकडे तेच इंजेक्शन पोराला शिक्षा म्हणून दाखवायचं! इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना तरी ही धमकी देऊ नका. सुट्टीत भारतात गेल्यावर आजी-आजोबांनाही गोडीत सांगा. "दुखणारच नाही" असं खोटंही सांगू नका. "थोडं दुखेल, दहापर्यंत मोजू, मी हात धरतो" एवढं पुरे असतं.

आणि ज्यांच्या ड्रॉवरमध्ये ते पत्र पडून आहे, त्यांनी या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. फोनवरच सांगा, "मला सुईची भीती आहे, झोपून रक्त द्यायचं आहे." असं सांगणारे तुम्ही पहिले नाही. नर्सला ते ऐकायची सवय असते, आणि आधी कळलं तर तीही वेळ काढून ठेवते. संमोहन करा, स्नायू आवळा, क्रीम लावा, काहीही करा, पण रक्त द्या.

वेगळं मत असेल तर जरूर लिहा, विशेषतः आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी.